पगारदार माणसाने ओरिजिनल चित्रं कशी जमवायची: नव्या चित्रकारांची कामं विकत घेणाऱ्यांसाठी सुरुवातीपासूनची माहिती

घरी कुणी आलं की भिंतीवरची कामं बघून हमखास दोन प्रश्न विचारतात, हे परवडतं कसं आणि मिळतं कुठे. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी नोकरी करणारा माणूस, ठाण्यात राहतो, आर्ट कॉलेजमध्ये शिकलेलो नाही, आणि बऱ्याच वर्षांपासून तरुण चित्रकारांची आणि प्रिंटमेकर्सची कामं घेतोय. सुरुवातीला ह्यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं, गॅलरीत जाऊन नक्की बोलायचं काय इथपासून गोंधळ होता, तो तुमचा होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिल्यांदा लिलावाच्या बातम्या डोक्यातून काढून टाका. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात साधारण ११८ कोटींना गेलं आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की चित्र घेणं हे आपलं कामच नाही. पण त्या पिढीची चित्रं ती माणसं तरुण असताना कुणी घेतली हे बघा ना. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर ह्या लोकांनी हुसेन, रझा, सूझा ह्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या मंडळींना उचलून धरलं, त्यातले दोघे तर टाइम्स ऑफ इंडियात नोकरीला होते. पुढे होमी भाभांनी टीआयएफआर ह्या मुंबईतल्या विज्ञान संस्थेसाठी अशीच कामं घेतली, नाव व्हायच्या आधी. आज जे.जे., वडोदरा, कोल्हापूर, गोवा इथल्या कला महाविद्यालयांतून जी मुलं बाहेर पडतायत त्यांना आत्ता, पहिल्या पाच-सात वर्षांत, गिऱ्हाईक लागतं. त्या काळात विकलं गेलेलं एक काम म्हणजे त्यांचं दोन महिन्यांचं भाडं असतं आणि बरेच जण ह्याच वर्षांत चित्रं सोडून अ‍ॅनिमेशनच्या नाहीतर शाळेतल्या नोकरीकडे वळतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून आधीच सांगितलं, पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्याच्याशी जोडलेल्या आहेत.

१. आधी काही महिने फक्त बघत फिरा, पाकीट घरी ठेवा

खरंच सांगतो, पहिले सहा-आठ महिने काही घेऊ नका. ह्या काळात जेवढं बघाल तेवढी नजर तयार होते, आणि बघायला पैसे लागत नाहीत, गॅलरीत प्रवेश फुकट असतो.

मुंबईत असाल तर काळा घोड्यापासून सुरुवात करा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची आहे, तिथले हॉल चित्रकार स्वतः भाड्याने घेतात आणि साधारण दर आठवड्याला प्रदर्शनं बदलतात. म्हणजे चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, सरळ जाऊन बोलता येतं. बुकिंगला काही वर्षांची वेटिंग असते त्यामुळे तिथे दिसणारा प्रत्येक जण नवाच असेल असं नाही, पण पावसाळ्यात नवोदितांसाठी मान्सून शो असतो तो चुकवू नका. तिथून चालत फोर्ट-कुलाब्यात गेलात की खाजगी गॅलऱ्या आहेत, केमोल्ड प्रेस्कॉट रोड, टार्क, प्रोजेक्ट ८८, चॅटर्जी अँड लाल, झवेरी कंटेम्पररी वगैरे. ह्या गॅलऱ्या बऱ्याचदा जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर असतात, दार बंद असतं, बेल वाजवावी लागते, आणि इथेच नव्या माणसाचा पाय अडखळतो. बिनधास्त बेल वाजवा. आत कुणी तुमची आर्थिक परिस्थिती विचारत नाही, बघा, टेबलावरची शोची माहिती उचला, प्राइस लिस्ट हवी असेल तर मागा, ती मागणं अगदी नॉर्मल आहे.

ह्याशिवाय जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन. माझ्या मते नव्या माणसासाठी मुंबईतली ही सगळ्यात चांगली जागा, कारण एकाच दिवसात पेंटिंग, शिल्प, प्रिंटमेकिंग, सिरॅमिक सगळ्या विभागांतली मुलं काय करतायत ते कळतं. तारीख बदलत राहते, त्यामुळे कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर लक्ष ठेवा. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८ पासूनची संस्था) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ह्यांची वार्षिक प्रदर्शनं असतात, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थी विभाग वेगळा असतो. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड, नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा मेळा, हा २०२३ पासून सुरू झालाय.

पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, सेनापती बापट रोडच्या बाजूला दर्पण, आणि अभिनव कला महाविद्यालयाच्या मुलांची प्रदर्शनं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी कला महाविद्यालयं आहेत, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आहे, तिथली मुलं मुंबईत दिसायच्या आधी तुम्हाला तुमच्याच गावात दिसतील. गोव्यात डिसेंबरला पणजीत सेरेंडिपिटी फेस्टिव्हल असतो. आणि एकदा कधीतरी सुट्टी जुळवून शांतिनिकेतनला नंदन मेळ्याला जा, दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला असतो, कलाभवन ह्या तिथल्या कलाशाळेचे विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः केलेली कामं स्टॉल लावून विकतात, आणि किमती सामान्य माणसाला झेपतील अशा.

बघताना एक वही ठेवा किंवा फोनमध्ये फोल्डर करा. काम आवडलं की त्याचा फोटो (विचारून) आणि बाजूच्या लेबलचा फोटो, दोन्ही. नुसता चित्राचा फोटो घेतलात तर महिन्याभराने नाव आठवणार नाही. तीन-चार महिन्यांनी तो फोल्डर उघडून बघा, काही कामं तेव्हा आवडली होती पण आता काहीच वाटत नाही आणि काही अजून डोक्यातून जात नाहीत. जी जात नाहीत त्यांची नावं वेगळी काढा.

२. वर्षाचं बजेट ठरवा, एकेका चित्राचं नको

एका चित्राचं बजेट ठरवलं की माणूस "एवढ्यात काय येतं" ह्या नजरेने बघायला लागतो. त्यापेक्षा वर्षाला अमुक रक्कम असं ठरवा, २० हजार असो नाहीतर दोन लाख, आणि त्यात एकच काम घ्यायचं का चार घ्यायची ते नंतर बघू.

अंदाज यावा म्हणून सांगतो, हे सगळं ढोबळ आहे. विद्यार्थ्यांची छोटी एचिंग (धातूच्या प्लेटवरून काढलेली छाप), वुडकट (लाकडावरून काढलेली), ड्रॉइंग तीन ते दहा हजारांच्या आसपास मिळतात. कॉलेज संपून दोन-चार वर्षं झालेल्या चित्रकाराचं दोन बाय तीन फुटी कॅनव्हास २० हजारांपासून लाखापर्यंत कुठेही असू शकतं. खाजगी गॅलरीने हातात घेतलेल्या तरुण चित्रकाराचं काम त्याच्याही वर. आकारावरून किंमत लावायची पद्धत आपल्याकडे खूप चालते, चौरस इंचाला इतके रुपये असा हिशेब, त्यामुळे एकाच चित्रकाराचं छोटं काम घेणं हा बजेट सांभाळायचा सरळ मार्ग आहे.

वरचा खर्च विसरू नका. फ्रेम, वाहतूक, जीएसटी. चित्रं, ओरिजिनल प्रिंट, शिल्प ह्यांवर आधी १२ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. गॅलरी तो किमतीवर लावते. पण ज्या चित्रकाराकडे जीएसटी नोंदणीच नाही तो तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही, बिलावर जीएसटी दिसला तर नंबरही दिसला पाहिजे. आणि हप्त्यांत पैसे देणं ह्यात लाजण्यासारखं काही नाही, बऱ्याच गॅलऱ्या दोन-तीन हप्ते मान्य करतात, चित्रकारही करतात, फक्त आधी स्पष्ट बोला आणि ठरलेल्या तारखेला द्या.

३. पहिलं काम कागदावरचं घ्या

म्हणजे ड्रॉइंग, वॉटरकलर किंवा प्रिंट. स्वस्त असतं हे एक झालं, पण चित्रकाराचा हात कागदावर जेवढा उघडा दिसतो तेवढा मोठ्या कॅनव्हासवर दिसत नाही, म्हणून शिकायलाही बरं.

प्रिंट ह्या शब्दावर लोक बिचकतात. इथे प्रिंट म्हणजे चित्रकाराने तांब्याच्या किंवा झिंकच्या प्लेटवर, लाकडावर, लिनोवर, दगडावर स्वतः काम करून हाताने काढलेली छाप, ते ओरिजिनल काम आहे. एचिंग हातात घेता आलं तर (आधी विचारा, हात कोरडे आणि स्वच्छ) खिडकीच्या उजेडात जरा तिरकं धरा. चित्राच्या चारी बाजूंनी कागद किंचित दबलेला दिसेल, प्लेटची कड मशीनच्या दाबाने कागदात रुतलेली असते, बोटाने लावायची गरज नाही, नजरेलाच कळते. रेषांवर शाई थोडी उठून आलेली असते, काळा रंग मखमलीसारखा दिसतो. खाली पेन्सिलने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, डावीकडे ५/२० असा आकडा, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल. ५/२० म्हणजे एकूण वीस प्रती काढल्या त्यातली ही पाचवी. पहिली प्रत चांगली आणि विसावी वाईट असं काही नसतं. ए.पी. लिहिलं असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत, अशा थोड्याच असतात.

आता सापळा. "लिमिटेड एडिशन प्रिंट ऑन कॅनव्हास" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा आधीच असलेल्या चित्राचा फोटो काढून इंकजेट मशीनवर छापलेला असतो, चांगला कागद, चांगली शाई, सहीसुद्धा असते. ते घेऊ नका असं म्हणत नाही, पण ती प्रतिकृती आहे आणि तिला प्रतिकृतीचीच किंमत द्यायची. साधं भिंग जवळ ठेवा, भिंगाखाली मशीनचे बारीक रंगीत ठिपके लगेच दिसतात. डिजिटल माध्यमातच मुळात काम करणारे चांगले कलाकार आहेत, त्यांचं वेगळं, तिथे एडिशन, म्हणजे एकूण प्रती, किती आणि त्याच आकारात परत छापणार नाही हे लेखी घ्या. हल्ली एआयने काढलेली इमेज कॅनव्हासवर छापून वरून थोडे अ‍ॅक्रिलिकचे फटकारे मारून "मिक्स्ड मीडिया" म्हणून विकतात, तेव्हा नुसतं मिक्स्ड मीडिया ऐकून थांबू नका, नक्की काय काय वापरलंय ते विचारा.

४. एक चित्र आवडलं म्हणून लगेच घेऊ नका, चित्रकाराचं बाकीचं काम बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एखादं चित्र कुणालाही चांगलं जमू शकतं. ह्या माणसाला काय म्हणायचंय, तो कुठल्या गोष्टीच्या मागे लागलाय हे पाच-पंधरा कामं एकत्र बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून फोल्डरमधली ती वेगळी काढलेली नावं घ्या आणि प्रत्येकाची मागच्या दोन-तीन वर्षांची कामं बघा. काम बदलतंय का, की जे विकलं गेलं तेच परत परत काढतोय? एखाद्या मोठ्या चित्रकाराची शैली जशीच्या तशी उचललीये का? आपल्याकडे गायतोंडेंसारखं, कोलतेंसारखं काढणारे खूप भेटतात, शिकताना तसं होतंच, पण अजून तिथेच असेल तर थोडं थांबा.

रेसिडेन्सी (एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करायची संधी), स्कॉलरशिप, पुरस्कार ह्याकडे बघा पण त्यावर निर्णय घेऊ नका. ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन, दिल्लीच्या फिका ह्या संस्थेचा इमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड, इनलॅक्स फाउंडेशनचा पुरस्कार, कोचीचं स्टुडंट्स बिएनाले, ह्यांत निवड झाली असेल तर जाणकार लोकांनी ते काम बघितलंय एवढा अर्थ घ्या. उलट काही "इंटरनॅशनल" पुरस्कार असे असतात की चित्रकाराने फी भरली की मिळतात. सीव्हीत अशांचीच रांग दिसली तर प्रभावित होऊ नका. त्यात चित्रकाराचा दोष नसतो बरं का, नव्या मुलांना ह्या लोकांनी लुबाडलेलं असतं.

मग स्टुडिओ बघायला जा. स्टुडिओ म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका, बरेच जण वसई-विरार, कल्याण, बदलापूरकडे भाड्याच्या वन आरकेत राहतात आणि त्यातलीच एक भिंत म्हणजे स्टुडिओ. इन्स्टाग्रामवर सरळ मेसेज करा, "तुमचं अमुक प्रदर्शनातलं काम पाहिलं, आवडलं, बाकीची कामं बघायला कधी आलो तर चालेल?" एवढं पुरे. वयाने लहान असला तरी पहिल्या भेटीत अहो-जाहो करा, तो तुम्हाला सर-मॅडम म्हणणार, नंतर ओळख वाढली की आपोआप दादा-ताईवर येतं. वेळ पाळा. आणि घ्यायचं ठरलेलं नसेल तर तसं आधीच सांगा, "आज फक्त बघायला येतोय". कारण तिकडे त्या भेटीवर खूप आशा लावून बसलेले असतात, ट्रंकेतली सगळी कामं काढून मांडलेली असतात, चहा-पोहे झालेले असतात, आणि आपण "बघतो, कळवतो" म्हणून गायब होणं हे वाईट आहे.

तिथे गेल्यावर विचारायच्या गोष्टी:
हे काम एकटं आहे का मालिकेतलं, बाकीची कुठे आहेत?
कागद कुठला, लवकर पिवळा न पडणारा, म्हणजे अ‍ॅसिड-फ्री आहे का? कॅनव्हासला प्रायमर (रंगाच्या खालचा थर) कशाचा?
रंग आर्टिस्ट ग्रेड आहेत का स्टुडंट ग्रेड? (विद्यार्थ्याकडे स्टुडंट ग्रेड असणारच, त्याला कमी लेखू नका, पण काही स्वस्त गुलाबी-जांभळे रंग उन्हात पटकन उडतात हे लक्षात ठेवा.)
अशीच कामं आधी कितीला गेली?
कुठल्या गॅलरीशी बोलणं झालंय का?

शेवटचा प्रश्न का, ते पुढे येतंय.

५. प्रत्यक्ष घेताना

चित्रकाराकडून थेट, गॅलरीकडून, मेळ्यातून, ऑनलाइन, हे चार रस्ते. थेट घेतलंत तर सगळे पैसे त्याच्या हातात जातात. गॅलरीकडून घेतलंत तर गॅलरी साधारण तीस ते पन्नास टक्के ठेवते, पण त्या बदल्यात ती शो लावते, कॅटलॉग काढते, म्युझियमवाल्यांना दाखवते, म्हणजे चित्रकाराचं पुढचं करिअर ती उभं करत असते. त्यामुळे गॅलरीत काम बघायचं आणि मग मागच्या दाराने चित्रकाराला फोन करून "कमिशन वाचलं, मला स्वस्तात दे" असं अजिबात करू नका. तो नाही म्हणू शकत नाही आणि गॅलरीशी त्याचं वाकडं होतं, त्याचंच नुकसान. गॅलरीशी करार असेल तर गॅलरीतूनच घ्या.

भाव करण्याबद्दल. गॅलरीत "काही कमी होईल का" एकदा विचारायला हरकत नाही, थोडी सूट बऱ्याचदा देतात, विशेषतः दोन कामं घेतलीत तर. विद्यार्थ्याशी मात्र घासाघीस करू नका. पाच हजारांच्या एचिंगमध्ये कागद, शाई, प्लेट, प्रेसचं भाडं गेलं की त्याच्या हातात काय उरतं ते एकदा विचारून बघा.

चित्राखाली लाल टिकली लावलेली असेल तर ते विकलं गेलंय. अर्धी टिकली किंवा वेगळ्या रंगाची असेल तर बहुधा कुणीतरी राखून ठेवलंय, विचारा, कधी कधी ते सुटतं. तुम्ही राखून ठेवलंत तर दोन-तीन दिवसांत हो-नाही कळवाच. शो संपेपर्यंत काम भिंतीवरच राहतं, ते त्यानंतर मिळतं.

ऑनलाइन घेताना फोटो उन्हातला, कडेचा, मागचा, सहीचा असे वेगवेगळे मागवा, आणि शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर बघा. आकार फुटपट्टीने जमिनीवर किंवा भिंतीवर खडूने आखून बघा, स्क्रीनवर सगळंच सारखं दिसतं.

आणि एक कडक सूचना. "तीन वर्षांत दुप्पट", "आम्ही बायबॅक करू" (म्हणजे आम्हीच परत विकत घेऊ) असं जिथे ऐकाल तिथून उठून या. २००८ च्या आधी आपल्याकडे तरुण चित्रकारांच्या कामाचे भाव असेच फुगवले गेले होते, लोकांचे पैसे गोळा करून चित्रांत गुंतवणारे आर्ट फंड निघाले होते, मंदी आली आणि सगळं खाली आलं, त्यात पैसेवाले सावरले पण कित्येक चित्रकारांना नंतर त्या भावात गिऱ्हाईक मिळेना आणि भाव उतरवलाही जाईना. नव्या चित्रकाराचं काम घेताना हे पैसे परत येणार नाहीत असं धरूनच घ्यायचं.

६. कागदपत्रं, आजच्या आज

नंतर देतो म्हणाले की राहून जातं. काम हातात घेताना हे सगळं घ्या:

बिल किंवा साधी सही केलेली पावती, तारीख आणि रकमेसकट. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने.
ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट, त्यात कामाचा छोटा फोटो, नाव, साल, माध्यम, आकार (उंची आधी, मग रुंदी), एडिशन असेल तर आकडा, आणि चित्रकाराची सही. विद्यार्थ्याकडे तयार नसतं, एक पान टाइप करून न्या आणि सही घ्या.
चित्रकाराचा सीव्ही आणि त्या कामाबद्दल त्याने लिहिलेल्या चार ओळी.
प्रदर्शनाचं आमंत्रण किंवा कॅटलॉग, ज्यात हे काम होतं.
कामाच्या मागच्या बाजूचा फोटो.

सही पुढे नसेल तर मागे आहे का बघा, कुठेच नसेल तर करून घ्या. हे सगळं एका फोल्डरमध्ये, आणि स्कॅन करून क्लाउडवर. वीस वर्षांनी तो चित्रकार मोठा झाला आणि एखाद्या म्युझियमला ते काम प्रदर्शनासाठी हवं असेल तर पहिली मागणी ह्याच कागदांची होते, आणि त्याच्या आयुष्यातल्या सुरुवातीच्या कामांची नोंद बऱ्याचदा अशा घरांमध्येच शिल्लक असते.

७. घरी आणल्यावर: फ्रेम आणि पावसाळा

आपल्या हवेत काम खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण फ्रेमवाला आणि दमट भिंत. केमोल्ड गॅलरीची सुरुवात केकू गांधींच्या फ्रेमच्या कारखान्यातून झाली होती, त्यामुळे फ्रेम ही किरकोळ गोष्ट आहे असं समजू नका.

कॅनव्हास गुंडाळून आणायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर, जाड पाइपवर, मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद. वर्तमानपत्र नको, शाई लागते. बबल रॅप थेट रंगाला टेकवू नका, टेम्पोत ऊन लागलं की त्या बुडबुड्यांचे गोल गोल ठसे अ‍ॅक्रिलिकवर उमटतात आणि जात नाहीत. ऑइलचं ताजं काम असेल तर प्लास्टिकमध्ये कोंडू नका, ऑइल पूर्ण वाळायला महिनोन्‌महिने लागतात.

कागदावरच्या कामासाठी फ्रेमवाल्याला हे नीट सांगा, आणि शक्यतो समोर उभं राहून करून घ्या. माउंट बोर्ड, म्हणजे कामाच्या पुढे-मागे लावतात तो पुठ्ठा, अ‍ॅसिड-फ्री हवा, पुढचा आणि मागचा दोन्ही, नाहीतर काही वर्षांत कागदाच्या कडेने पिवळी-तपकिरी पट्टी उमटते. सेलोटेप, डबल साइड टेप, फेव्हिकॉल कामाला लावायचं नाही. जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ, फक्त वरच्या बाजूला दोन, काम खाली मोकळं लटकलं पाहिजे कारण कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. काम माउंटला पूर्ण चिकटवून "एकदम सपाट करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. कडा कापून फ्रेमच्या मापात बसवतो म्हणाला तर काम उचला आणि दुसरीकडे जा, एचिंगचा मोकळा कागद आणि पेन्सिलची नोंद हा कामाचाच भाग आहे. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी किंवा पट्टी हवी, पावसाळ्यात दमटपणाने कागद काचेला चिकटला की सोडवताना शाई निघते. परवडत असेल तर यूव्हीवाली काच किंवा अ‍ॅक्रिलिक.

मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड मारतात, त्याच्या आणि कामाच्या मध्ये अ‍ॅसिड-फ्री बोर्ड असलाच पाहिजे. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेम ह्यांच्यात हवा खेळते. बाथरूमला लागून असलेली भिंत, आणि जिच्यावर बाहेरून पावसाचा मारा येतो ती भिंत, ह्यांवर काही लावायचं नाही. थेट ऊन येतं तिथेही नाही. किचनच्या समोर नाही, फोडणीचा धूर सगळीकडे जातो.

दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागून-पुढून बघा. कागदावर बारीक तपकिरी ठिपके, पांढरट बुरशी, कसरीने खाल्लेले खडबडीत भाग, फ्रेमखाली लाकडाचा भुसा, ह्यापैकी काही दिसलं तर ती फ्रेम बाकीच्यांपासून लांब ठेवा. ठिपके घासू नका, खोडरबर लावू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं (सीएसएमव्हीएस) कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे विचारता येतं. काच पुसताना स्प्रे कपड्यावर मारायचा, काचेवर नाही, नाहीतर ते पाणी कडेने आत उतरतं. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलके ठोकून ताणता येतो, मागून पाणी मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

८. हक्क आणि टॅक्स

चित्रकाराने स्वतःहून केलेलं चित्र विकत घेतलंत तर ते तुमचं झालं तरी कॉपीराइट चित्रकाराचाच राहतो, लेखी करून दिला असेल तरच बदलतो. म्हणजे घरी लावा, विका, भेट द्या, पण त्याची इमेज कॅलेंडरवर, मगवर, कंपनीच्या ग्रीटिंगवर छापायची तर परवानगी लागते. काम तोडणं-मोडणं हाही तुमचा निव्वळ खाजगी प्रश्न नाही, शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्यूरल (भित्तिशिल्प) सरकारने काढून खराब केलं तेव्हा दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये निकाल सहगल यांच्या बाजूने दिला होता.

विकायची वेळ आलीच तर नफ्यावर कॅपिटल गेन लागतो. घरातलं फर्निचर विकलं तर लागत नाही पण चित्र त्यात मोडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर साडेबारा टक्के, जुलै २०२४ पासूनचा हा नियम. म्हणून पण ते बिल हवं. कॉपीराइट कायद्यात दहा हजारांच्या वर पुनर्विक्री झाली तर मूळ चित्रकाराला वाटा द्यायची तरतूदही आहे, जास्तीत जास्त दहा टक्के. मी तर म्हणतो विकण्याआधी चित्रकाराला किंवा त्याच्या गॅलरीला पहिला फोन करा, बऱ्याचदा ते स्वतः योग्य घर शोधून देतात, आणि लिलावात काम न विकता परत आलं तर तरुण चित्रकाराच्या भावाला जो फटका बसतो तोही टळतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: हयात तरुण चित्रकाराचं काम बाहेर न्यायला पुरातन वस्तूंच्या कायद्याची आडकाठी नाही, पण बिलावर आणि सर्टिफिकेटवर काम कुठल्या साली केलं ते स्पष्ट असू द्या. कस्टम्सला शंका आली तर ही वस्तू पुरातन नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट मागू शकतात, मोठं काम असेल तर निघायच्या बऱ्याच आधी चौकशी करा.

९. यादी, आणि पुढची ओळख

पाच-सहा कामं झाली की एक एक्सेल करा, चित्रकार, नाव, साल, माध्यम, आकार, कधी-कुठून घेतलं, किंमत, फ्रेम कधी केली, सध्या कुठल्या भिंतीवर किंवा कपाटात. घराच्या इन्शुरन्समध्ये ही कामं आपोआप धरली जात नाहीत, एजंटला विचारून यादी जोडा. घरातल्या एकाला तरी फोल्डर कुठे आहे ते सांगून ठेवा.

ज्यांची कामं घेतलीत त्यांच्या पुढच्या शोला जा, दरवेळी काही घ्यायला हवं असं नाही. काम भिंतीवर लागलं की त्याचा फोटो त्यांना पाठवा. एखाद्याला पोर्टफोलिओसाठी किंवा प्रदर्शनासाठी ते काम परत काही आठवडे हवं असेल तर द्या, फक्त जाताना-येताना दोन्ही वेळा चारी बाजूंनी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा आणि वाहतुकीचा खर्च, इन्शुरन्स कुणाचा ते आधी ठरवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी नवीन घर घेतलं, ऑफिस केलं, की बाजारातली छापील चित्रं लावायच्या आधी त्यांना तुमच्या फोल्डरमधली दोन-चार नावं पाठवा.